आधी काय झालं, बाई?

बाई,

दिवाळीची सुट्टी संपून शाळा उघडली आणि तुमच्या दुसरी-तिसरीच्या पोरांनी लिहिणंच सोडलं. बाकी सगळं करायची. पाढे म्हणायची, खिचडी खायची, एकमेकांच्या पाठीत गुद्दे घालायची. पण ‘सुट्टीत काय काय झालं ते क्रमाने लिहा’ म्हटलं, की पेन्सिलीचं टोक तोंडात घालून खिडकीबाहेर बघत बसायची. रडायची नाहीत, हट्ट करायची नाहीत, नुसती बसायची. तुम्ही गेलात हे त्यांना ठाऊक आहे, सगळ्या गावाला ठाऊक आहे. तुमच्या जागी कुणी येईपर्यंत चारही वर्ग माझ्याच गळ्यात आहेत. घटनाक्रमाचा धडा अर्ध्यावर टाकून तुम्ही निघून गेलात याचा मला, खरं सांगू का, रागच आलाय.

एरवी मी असा चिडलो की तुम्ही थर्मासचं झाकण उघडून चहा पुढे करायचात आणि म्हणायचात, ‘घ्या, मग भांडा.’ आता चहा नाही, त्यामुळे भांडण तसंच सुरू करतो.

शाळेत आपण दोघंच. पहिली आणि चौथी माझ्याकडे, दुसरी-तिसरी तुमच्याकडे, मध्ये लाकडी फळ्यांचं पार्टिशन, तेही नावापुरतं. तुमच्या वर्गातलं हसणं माझ्या भागाकारात मिसळायचं. मी सांगलीकडचा, सगळं पहिल्यापासून आणि ओळीत हवं असलेला माणूस. तुम्ही नाटे गावच्या तांडेलाची, बोटीच्या म्होरक्याची, लेक, लग्न करून या गावात आलेल्या. मी रुजू झालो त्या पहिल्याच आठवड्यात तुम्ही दारात उभं राहून म्हणालात, "मग काय झालं माहितीय, सर?" मी म्हटलं, "बाई, आधी काही झालं नाही का? एकदम मग?" तुम्ही शांतपणे म्हणालात, "आधीचं तुमी विचाराल तेव्हा सांगीन की." आणि पोषण आहाराच्या तांदळाची कसली तरी गोष्ट मधूनच सुरू केलीत. ती गोष्ट काय होती ते आज आठवत नाही. मधूनच सुरू झाली होती एवढं मात्र पक्कं आठवतं.

तुमची मुलंही तशीच. तिसरी संपवून चौथीत माझ्याकडे यायची, मी फळ्यावर माझे चार चौकोन काढायचो, ‘आधी’, ‘मग’, ‘त्यानंतर’ आणि ‘शेवटी’, आणि ही पोरं सरळ चौथ्या चौकोनाला हात घालायची. ‘शेवटी’मध्ये लिहायची, ‘बाबा आले.’ किंवा, ‘सुरमई मिळाली.’ तिथून मागे मागे येत तिसरा भरायची, दुसरा भरायची, आणि पहिल्याशी पोचली की पेन्सिल थांबायची. पहिला चौकोन कोरा. दर वर्षी नवी पोरं, आणि दर वर्षी तोच चौकोन कोरा. मला वाटायचं तुम्ही त्यांना बिघडवून पाठवता.

एकदा मधल्या सुट्टीत मी तुम्हाला त्यावरून छेडलं, तेव्हा तुम्ही ताटातलं लोणचं बाजूला सारून मला तुमच्या माहेरची रीत सांगितलीत. पहाटे बोटीवर जायला निघालेल्या माणसाला कुठे चाललात म्हणून विचारायचं नाही, अपशकुन होतो. परत आला तरी लगेच काही विचारायचं नाही. तुमची आई जेटीवर जायची ती आधी टोपलीत काय आहे ते बघायची. घरी येऊन वडील पाय धुणार, चहा घेणार, आणि कप खाली ठेवला की स्वतःहून एक वाक्य बोलणार. ‘आज जाळं फाटलं.’ मग कशानं फाटलं. मग ते कुठे टाकलं होतं. मग तिकडे गेले कशाला. असं करत करत पहाटेपर्यंत मागे यायचे.

"आमच्यात गोष्ट शेवटून आत येते, सर," तुम्ही म्हणालात. "निघतानाचं कुणी बोलतच नाय, तर पोरांनी सुरुवात ऐकायची कुठे? त्यांना काय तुमच्यासारखी सगळी सुरुवात ठाऊक असते?"

"सुरुवात ठाऊक नसायला काय झालं? ती पहिल्या वाक्यात असते."

"नाय ओ. सुरुवात कुठली होती ते मागाहून कळतं."

हे आपल्या भांडणाचं मूळ वाक्य. यावर मी तुम्हाला कितीदा आडवं घेतलं असेल. एकदा मात्र मी जिंकलो. मी विचारलं होतं, "उद्या पोराला ताप आला आणि डॉक्टरने विचारलं कधीपासून, तर तिथेही शेवटून सांगणार?" खिचडीचा घास तुमच्या हातात तसाच राहिला. मग म्हणालात, "डॉक्टरकडे तुमची रीत बरी." मी ते वाक्य पुढे कित्येक दिवस मिरवत होतो. पार्टिशनच्या अलीकडून मोठ्याने म्हणायचो, "पोरांनो, डॉक्टरकडे कुणाची रीत?" आणि पलीकडून तुमची पोरं ओरडायची, "सरांची!" तुम्ही हसायचात.

तुमची स्वतःची रीत म्हणजे ती काथ्याची दोरी. दोन खिडक्यांच्या गजांना बांधलेली, आणि बिस्किटांच्या डब्यात कपड्यांचे चिमटे. पोराला जे सगळ्यात जास्त आठवतं त्याचं चित्र त्याने काढायचं आणि दोरीच्या मधोमध अडकवायचं. मग तुम्ही विचारायचात, "हे व्हायला आधी काय व्हायला लागलं?" त्याचं चित्र डावीकडे. "आणि हे झालं म्हणून काय झालं?" त्याचं उजवीकडे. घड्याळाचा कुठे संबंध नाही. ‘सकाळी लवकर उठलो’ हे तुमच्या दोरीवर कधी लागायचंच नाही. कुणी उशिरा उठल्यामुळे एसटी चुकली असेल तरच लागायचं. मला तो सगळा पसारा वाटायचा. दोरी माझ्या डोक्याला लागायची, ते वेगळं.

गेल्या हिवाळ्यातली सहल आठवते? मी आपला समुद्रकिनारा म्हणत होतो, तुम्ही म्हणालात, "या पोरांना समुद्र काय दाखवता? दाराशी आहे तो. आगगाडी दाखवा." म्हणून रत्नागिरीहून चिपळूणला रेल्वेने गेलो. बहुतेकांनी गाडी पहिल्यांदाच जवळून पाहिली. वाटेत बोगदा आला आणि डब्यातले दिवे काही लागले नाहीत. इतका मिट्ट काळोख की स्वतःचा हात दिसेना. पोरं एका सुरात किंचाळली. मी ‘शांत बसा’ म्हणून ओरडायला तोंड उघडलं, पण आवाज फुटला नाही, कारण बोगद्याची सवय मलाही नव्हती आणि मी खिडकीचा गज घट्ट धरून बसलो होतो. त्या अंधारात तुमचा आवाज आला. नेहमीच्याच पट्टीतला. "बोगदा हाय रे. संपतो तो. बाजूच्याचा हात धरा." आणि संपला. उजेडात बघतो तर सगळ्या पोरांनी एकमेकांचे हात धरलेले, आणि तुमच्या वर्गातली वेदिका माझी बाही धरून बसलेली.

परत आल्यावर मी दर्शनी भिंतीवर लावायला सहलीचं लेखन घेतलं. तोवर माझ्या चौकोनांत घोटलेली चौथीची सगळी मुलं ‘आम्ही सकाळी लवकर उठलो, आंघोळ केली’ पासून चिपळूणच्या वडापावापर्यंत सुतासारखी सरळ गेली. मी खूश. तुमच्या दुसरीतल्या वेदिकाने पहिलंच वाक्य लिहिलं होतं, ‘मग अंधार झाला.’ मी त्यावर लाल रेघ मारून लिहिलं, ‘पहिल्यापासून लिही.’ तुम्ही तिची वही घेऊन माझ्या वर्गात आलात. पोरांसमोर काही बोलला नाहीत. सगळी गेल्यावर चौथीच्या वह्यांचा गठ्ठा पुढे ओढलात आणि म्हणालात, "सर, यांनी उठणं लिहिलंय, आंघोळ लिहिलीय. सहल कुठे लिहिलीय?"

मी म्हटलं, "क्रम तर बरोबर आहे ना?"

"क्रम बरोबर आहे," तुम्ही म्हणालात आणि पिशवी उचलून खाली गावाकडे उतरायला लागलात.

ते भांडण तसंच राहिलं. मी ठरवलं होतं की यंदा दिवाळीनंतर सहलीचा विषय निघेल तेव्हा तुम्हाला चोख उत्तर देईन. उत्तर तयारही होतं. ते असं, की ज्या घरातला माणूस कधी परत येईल याची खात्री नसते, त्या घरातल्या पोराला ‘आधी हे, मग हे’ असा भक्कम कठडा हवा असतो. तो धरून ते चालेल. अजूनही मला हे चुकीचं वाटत नाही. तुम्ही यावर काय म्हणाला असतात, याचा मी हल्ली फार विचार करतो. काहीतरी म्हणाला असतातच.

आणखी एक सांगायचं राहिलं. घाटावर बदली मागायची, असं मी दर वर्षी म्हणायचो. पाऊस थांबत नाही, कपडे वाळत नाहीत, गावाकडे म्हातारी आई आहे, अशी माझी सगळी कारणं तुम्हाला पाठ होती. तुम्ही म्हणायचात, "जावा की. जाताना तुमचे चौकोन पण घेऊन जावा." आणि वेळ आली की मी मागायचो नाही. का मागायचो नाही ते तुम्ही कधी विचारलं नाहीत आणि मी सांगितलं नाही. या शाळेत रोज सकाळी कुणीतरी माझ्याशी शिकवण्यावरून भांडायचं. इतक्या वर्षांच्या नोकरीत दुसरीकडे कुठे कुणी भांडलं नव्हतं. दुसरीकडे सगळे ‘हो सर’ म्हणायचे. बस्स, एवढंच कारण होतं, बाई. ते तुमच्या तोंडावर सांगितलं असतं तर तुम्ही मला आठवडाभर चिडवलं असतं.

तुमच्या यजमानांचा, सुहासदादांचा, फोन आला तेव्हा मी गावी होतो. मिळेल त्या गाडीने आंबा घाट उतरून आलो, पण पोचेपर्यंत सगळं आटोपून माणसं परतली होती. दादा ओसरीवर भिंतीला टेकून बसले होते. त्यांनी मला बघितलं. मी काही विचारलं नाही. मला पाय धुवायला पाणी दिलं. शेजारच्या घरून चहा आला. मी तो प्यायलो. कप खाली ठेवल्यावर दादा म्हणाले, "गेली, सर."

मग दवाखान्याच्या दारातलं सांगितलं. मग तिथवर नेणारी गाडी कशी पटकन मिळाली ते. मग त्याच्या आधीचं, नाट्याला माहेरच्या अंगणात रांगोळी काढता काढता तुम्ही जरा टेकलात आणि तुमच्या भावाला वाटलं, उठेल आता. आणि अगदी शेवटी म्हणाले, "सकाळी बरी होती. भाऊबिजेला भावाकडून काय उकळायचं ते सांगून हसवत होती सगळ्यांना."

तिथे ते थांबले. आणि बाई, मला पहिल्यांदाच कळलं की तुमच्या घरांतून गोष्ट शेवटून का सांगतात. अशी सांगितली की संपताना सगळी माणसं घरीच असतात. सकाळ असते आणि कुणीतरी हसत असतं. माझ्या चार चौकोनांत भरली असती तर गोष्ट दवाखान्याच्या दारात संपली असती.

मी निघताना दादांनी विचारलं, "सर, तुमी रोज बरोबर असायचात. ह्या दुखण्याची सुरुवात कधी झाली ओ?"

आयुष्यभर पोरांना ‘आधी काय झालं’ विचारणारा मी, मला पहिला चौकोन सापडेना. खोलीवर येऊन शोधत बसलो. मी सकाळी लवकर वर जाऊन शाळा उघडायचो, तुम्ही नंतर पोरांना घेऊन पाखाडी चढायचात. ती जांभ्याच्या पायऱ्यांची वाट काजूच्या झाडापाशी वळते ना, ते वळण माझ्या वर्गाच्या खिडकीतून दिसतं. गणपतीनंतर कधीतरी तुम्ही तिथे बसायला लागलात. पोरं भोवती. मी वरून बघायचो आणि म्हणायचो, झाली यांची गोष्ट सुरू. घंटा जरा जोरातच वाजवायचो. वर आल्यावर तुम्ही म्हणायचात, "गोष्ट अर्धी होती, सर." तुम्हाला गोष्टी सांगायचं वेडच होतं, त्यात मला काही नवल वाटलं नाही. आज ते बसणं मला पहिल्या चौकोनात दिसतं. तेव्हा ते नुसतं बसणं होतं. मागाहून कळलं. तुमचं मूळ वाक्य मला असं मान्य करावं लागेल असं वाटलं नव्हतं.

आता तुमच्या पोरांकडे येतो.

शाळा उघडल्यावर मी आधी माझी रीत वापरली. चार चौकोन काढले. सुट्टीत काय झालं ते लिहा म्हटलं. कुणी लिहिलं नाही. दुसऱ्या दिवशी म्हटलं, सुट्टीचं राहू दे, किल्ल्याचं लिहा. कंदिलाचं लिहा. नाही. मग एकदा हिय्या करून म्हटलं, "बाईंबद्दल लिहिता का? जे झालं ते?" तेव्हा सगळ्यांनी माना खाली घातल्या. मला वाटलं, दुःख आहे, बसू दे थोडे दिवस. पण दिवस जायला लागले आणि दुसरीतली बारकी पोरंसुद्धा, जी तुमच्यापाशी वही भरून लिहायची, ती अक्षर काढेनात. मला भीती वाटायला लागली. या वयात लिहिण्याची वाट अशी बुजली की पुढे मोकळी करणं फार अवघड जातं, हे तुम्हीच सांगायचात. तुमचं इतक्या वर्षांचं काम माझ्या हातात आल्यावर पंधरवड्यात बसतं की काय, ही धास्ती.

परवा मी कपाट उघडून बिस्किटांचा डबा काढला. दोरी बांधली. ती माझ्या डोक्याला लागली. वर्गात कुणीतरी फिस्सकन हसलं, आणि त्या हसण्याने मला बरं वाटलं. सगळ्यांना कागद दिले आणि तुमच्यासारखंच म्हटलं, "बाईंचं जे सगळ्यात जास्त आठवतं ते काढा."

बराच वेळ फक्त खडू घासल्याचे आवाज. वेदिका पहिली उठली. तिने चित्र दोरीच्या बरोबर मधोमध अडकवलं. काजूचं झाड, खाली पायरीवर तुम्ही बसलेल्या, भोवती ठिपक्यांसारखी पोरं. मग दुसरं कुणी उठलं. तेच चित्र. तिसरं, तेच. दोरी मध्यावरच भरून गेली. सगळ्यांना तुमचं तेच आठवत होतं, ते वळण.

मला तुमचा प्रश्न विचारायचा होता. विचारला. "हे व्हायला आधी काय व्हायला लागलं?"

वेदिकाने शेजारच्या पोराकडे पाहिलं, त्याने दुसऱ्याकडे.

"काय गो? सांग ना."

"सांगायचं नाय," ती म्हणाली.

"का?"

"बाईंनी सांगितलेलं, सरांना सांगू नका."

"काय सांगू नका?"

पोरं पुन्हा एकमेकांकडे बघायला लागली. शेवटी वेदिका म्हणाली, "बाई दमायच्या. चढताना छातीत भरून यायचं त्यांना. म्हणून तिथे बसायच्या. आमी बसलो की त्या गोष्ट सांगायच्या, मग परत चढायच्या. त्या म्हणालेल्या, सरांना सांगू नका, सर पहिल्यापासून सगळं विचारत बसतील."

वर्ग हसला. मीही हसलो, बाई. हसता हसता तुमच्या खुर्चीत बसलो.

"आणि दादांना?"

"दिवाळी झाली की डॉक्टरला दाखवीन म्हणालेल्या. डॉक्टरला पहिल्यापासून सांगायला लागतं, ते सरांकडून नीट शिकून घेते म्हणालेल्या."

तुम्ही हे सगळं हसत हसत सांगितलं असणार. पोरांना तो खेळ वाटला असणार, सरांपासून काहीतरी लपवण्याचा. नंतर तो खेळ राहिला नाही, पण शब्द दिलेला. त्यांनी तो पाळला. पहिला चौकोन त्यांना येत नव्हता असं नव्हे. त्यांना तो ठाऊक होता, आणि तुम्ही तो उघडू नका म्हणून सांगून गेला होतात.

"सांगू नका म्हणालेल्या," वेदिका पुन्हा म्हणाली. "काय पण लिहायला घेतलं की तेच येतं. मग लिहायचं कसं?"

मी त्यांना म्हटलं की बाईंनी सांगितलं ते तुम्ही ऐकलंत, अगदी बरोबर केलंत, यात कुणाची काही चूक नाही. मोठी माणसं कधीकधी आपलं दुखणं पुढे ढकलतात, त्यात लहान मुलांनी काही करायचं नसतं. आता सांगितलं तरी बाईंना चालेल. आणि मी काही विचारणार नाही. एक प्रश्नसुद्धा नाही.

"पहिल्यापासून पण नाय?" कुणीतरी खात्री करून घेतली.

"पहिल्यापासून पण नाही."

मग त्यांनी कागद घेतले. डावीकडे एक चित्र लागलं, बाई भराभरा पुढे चढताहेत आणि पोरं मागून पळताहेत. हे गेल्या वर्षीचं असणार. उजवीकडे मी तुमचा दुसरा प्रश्न विचारायच्या आतच चित्रं लागायला लागली. बाई दमायच्या म्हणून गोष्ट मिळाली. गोष्ट मिळाली म्हणून शाळेला उशीर झाला. उशीर झाला म्हणून सरांनी घंटा जोरात वाजवली. या चित्रात माझं तोंड फार मोठं काढलंय, ते मी भिंतीवर लावणार नाही असं म्हटलं होतं, पण लावलं आहे. तुमच्या जाण्याचं चित्र कुणी काढलं नाही. मीही सुचवलं नाही. दोरीवर जागा तशी होती.

दुपारी वह्या उघडल्या. पेन्सिली चालू लागल्या तो आवाज मी पार्टिशनच्या अलीकडून ऐकत राहिलो. दुसरीतल्या एकाने लिहिलं, ‘मग बाई बसल्या.’ एकाने लिहिलं, ‘घंटा वाजली पन गोश्ट संपली नाही.’ शुद्धलेखन पुढे बघू. वेदिकाने पान भरून लिहून मागच्या पानावर सुरू केलं. मला एकीकडे समाधान वाटत होतं आणि दुसरीकडे तुमच्यावर पुन्हा चिडायला झालं. एक प्रश्न विचारला असता तर काय बिघडलं असतं, बाई? कधीपासून, एवढाच. तुम्ही सांगितलं नसतं, हे मला माहीत आहे. मधूनच दुसरी कुठली तरी गोष्ट सुरू केली असती, आणि मी ऐकत बसलो असतो. त्या गोष्टींचं मी तुम्हाला देणं लागतो, एवढं मात्र आता सांगून टाकतो.

संध्याकाळी शाळेला कुलूप लावून मी पोरांबरोबर पाखाडी उतरायला लागलो. एरवी मी सगळ्यांच्या शेवटी, किल्ल्या तपासत उतरतो. वळणावर आल्यावर पोरं सवयीने बसली. उतरताना कुणी दमत नाही. पण बसली. काजूखालची तुमची पायरी मोकळी ठेवून, तिच्याभोवती. खाली जेटीवर बोटी लागत होत्या, बायका टोपल्या घेऊन निघाल्या होत्या. मी ‘चला, अंधार पडेल’ म्हणायला तोंड उघडलं आणि त्यांच्याकडे बघून मिटलं. मी त्या पायरीवर बसलो. मला गोष्टी सांगता येत नाहीत हे सगळ्या शाळेला माहीत आहे.

"बरं," मी म्हटलं, "तर एके दिवशी सकाळी आम्ही सगळे लवकर उठलो..."

"सर," वेदिका म्हणाली, "पहिल्यापासून नको."

मी किल्ल्या बाजूला ठेवल्या.

"मग अंधार झाला," मी म्हणालो, आणि पोरं सरकून जवळ आली, बाजूच्याचा हात धरून.